शुक्रवारी उलटं दिसलेलं हृदय

माझ्या कामात माणसं माझ्याकडे पाठ करून झोपतात. डाव्या कुशीवर, डावा हात डोक्याखाली, तोंड भिंतीकडे. मी मागे स्टुलावर बसते, उजवा हात त्यांच्या अंगावरून पुढे नेते आणि छातीवर प्रोब, म्हणजे मशीनचा हातात धरायचा भाग, टेकवते. पुढची पंधरा-वीस मिनिटं आम्ही दोघं एकमेकांचं तोंड बघत नाही. मला लोकांशी बोलणं फारसं जमत नाही. नोकरीच्या अर्जात हे लिहिलं नव्हतं, पण काम निवडण्यामागे ते होतं.

सिल्वासातल्या एका खाजगी हॉस्पिटलात मी आठ वर्षं हृदयाचा इको करते आहे. दिवाळी अंकासाठी इथल्या मराठी मंडळाच्या काकांचा फोन आला, "कामातले अनुभव लिही, जरा मजेदार." बाबा इथल्या सरकारी शाळेत मराठी शिकवायचे, मला मात्र त्यांनी इंग्रजी शाळेत घातलं. त्यामुळे हा लेख आधी त्यांच्या हातात गेला. त्यांनी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं. मजकुराबद्दल काही बोलले नाहीत.

इको म्हणजे आवाजाने काढलेलं चित्र. आपल्याला ऐकू न येणारा आवाज आत जातो, हृदयावर आपटून परत येतो, आणि मशीन त्यावरून पडद्यावर काळं-पांढरं, हलतं चित्र दाखवतं. दुखत नाही. थंड जेली लावतात, तक्रारी तेवढ्याच्या असतात. चित्रं मी काढते, मापं मी घेते, रिपोर्ट तपासून सही सर करतात. सर म्हणजे वापीहून आठवड्यातून तीन दिवस येणारे हृदयाचे डॉक्टर. ते गुजराती, पण शिकले मुंबईत, त्यामुळे मराठी माझ्यापेक्षा बिनधास्त बोलतात.

मसाट आणि राखोलीच्या कारखान्यांतून कामगार तपासणीला येतात. एकाला मी म्हटलं, "श्वास रोखा." मग मापं घेण्यात गुंतले आणि "सोडा" म्हणायला विसरले. तो बिचारा आज्ञाधारक. खोलीत मदतीला असलेल्या हंसाबेन शेवटी म्हणाल्या, "दीदी, ए तो लाल थई गयो." खेरडीच्या एका आजोबांचं हृदय उजव्या बाजूला होतं. हे त्यांना तरुणपणापासून माहीत होतं. नवा डॉक्टर भेटला की ते मुद्दाम सांगायचे नाहीत. डॉक्टर डावीकडे शोधत बसायचा आणि आजोबा खूश. मलाही त्यांनी चार मिनिटं शोधू दिलं. मग म्हणाले, "पोरी, घर बदललंय त्याने. पलीकडच्या गल्लीत बघ."

तशी उलटापालट लगेच कळते, कारण चित्रच मिळत नाही. मला सांगायचं आहे ते दुसऱ्या प्रकाराबद्दल. त्यात हृदय डावीकडेच असतं आणि ठोकेही देत असतं. उलटापालट आत असते.

हृदयाला चार खोल्या असतात, दोन वर, दोन खाली. वरच्या दोन रक्त गोळा करतात, खालच्या दोन ते पुढे ढकलतात. खालची उजवी खोली शेजारच्या फुप्फुसांपर्यंत रक्त पाठवते. काम हलकं, भिंत पातळ. खालची डावी खोली सगळ्या शरीराला रक्त पाठवते, म्हणून तिची भिंत जाड. क्वचित एखादं मूल असं जन्मतं की या खालच्या दोन खोल्यांची अदलाबदल झालेली असते. डावीकडे पातळ, उजवीकडे जाड. त्यांच्यातून निघणाऱ्या दोन मोठ्या नळ्यांचीही अदलाबदल झालेली असते. दोन चुका एकमेकींना सांभाळून घेतात आणि रक्त बरोबर जागी पोचतं. मूल निळं पडत नाही, खेळतं, मोठं होतं. कुणाला काही कळत नाही. फक्त हलक्या कामाची खोली जन्मभर जड काम करत राहते आणि कधीतरी थकते. आत विजेची एक वाट असते, ठोका वरून खाली नेणारी. अशा हृदयात ती लांबून वळसा घेऊन जाते आणि केव्हाही तुटू शकते.

अभ्यासक्रमात याला अर्धं पान होतं. परीक्षेत मी ते बरोबर लिहिलं होतं.

आता बटणाबद्दल. आमचं मशीन एकच आहे. दर गुरुवारी त्यावर मुलांच्या हृदयाचे डॉक्टर बसतात. लहान मुलांचं चित्र ते फिरवून बघतात, त्यांची तशी पद्धत आहे. डावं-उजवं फिरवायला मशीनवर एक बटण असतं. जाताना ते बटण पूर्ववत करत नसत. मी एकदा हळूच सांगितलं होतं. ते "सॉरी सॉरी" म्हणाले आणि पुढच्या गुरुवारी तसेच गेले. दुसऱ्यांदा सांगणं मला जमलं नाही. शुक्रवारी सकाळी चित्र उलटं दिसलं की बटण दाबायचं, अशी हाताला सवय लागली.

रेखाताई पहिल्यांदा आल्या तो शुक्रवार होता.

वय सव्वीस-सत्तावीस. मूळच्या धुळे जिल्ह्यातल्या साक्रीकडच्या. मसाटच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात पॅकिंगला हंगामी होत्या आणि त्यांना कायम करायचं चाललं होतं. कंपनीच्या डॉक्टरांना त्यांच्या छातीत काही वेगळा आवाज ऐकू आला म्हणून टूडी इको सांगितला होता. सोबत कंपनीच्या तपासणी कॅम्पमध्ये काढलेला ईसीजी होता. तो विचित्र होता आणि त्यावर कुणीतरी पेनने लिहिलं होतं, 'तारा तपासा,' म्हणजे तारा उलट लागल्या असतील.

"मॅडम, काही निघालं तर कंपनीले आज नका सांगू," आडवं होता होता त्या म्हणाल्या. "सोमवारी लिस्ट लागणार हाये."

मी प्रोब टेकवला. पडद्यावर चार खोल्या आल्या. खालची उजवी खोली ओळखायची खूण सोपी आहे, तिची झडप जरा खाली बसवलेली असते. पडद्यावर चित्र समोर उभ्या माणसासारखं असतं, म्हणून नेहमी ती पडद्याच्या डावीकडे दिसते. रेखाताईंची उजवीकडे दिसली. काल गुरुवार होता. मी बटण दाबलं. चित्र फिरलं आणि सगळं जागच्या जागी आलं. एक सेकंदसुद्धा लागला नाही.

पडद्याच्या कोपऱ्यात एक बारीक खूण असते. चित्र सुलट आहे की फिरवलेलं, ते तिच्यावरून कळतं. मी तिच्याकडे बघितलं नाही. आदल्या दिवशी मी सुट्टीवर होते; त्या आठवड्यात मुलांचे डॉक्टरही रजेवर होते, हे मला नंतर कळलं. मशीन मी बुधवारी ठेवलं तसंच होतं.

बाकीची चित्रं काही केल्या नीट जमेनात. एरवी एकमेकींना ओलांडून जाणाऱ्या दोन नळ्या इथे शेजारीशेजारी सरळ चालल्या होत्या. आमच्याकडे अशा वेळेसाठी इंग्रजीत एक तयार वाक्य आहे, की छातीच्या ठेवणीमुळे चित्र स्पष्ट मिळत नाही. ते मी लिहिलं. झडपेला किंचित गळती, बाकी नॉर्मल. सरांनी सही केली. ईसीजीवाल्याला तारांची शंका आली, मला बटणाची, आणि सरांनी आम्हा दोघांवर विश्वास ठेवला. हृदयावर शंका कुणीच घेतली नाही.

सोमवारी यादी लागली. रेखाताई कायम झाल्या आणि हंसाबेनना पेढे देऊन गेल्या. एक मीही खाल्ला.

अडीच वर्षांनी, एका मंगळवारी, त्या परत आल्या. या वेळी व्हीलचेअरवर. कारखान्यात मशीनपाशी उभ्या असताना कोसळल्या होत्या. नाडी मिनिटाला छत्तीस. मांडीवर प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत माझा रिपोर्ट, झेरॉक्सच्या दुकानातून लॅमिनेशन करून घेतलेला.

"कधीपासून चक्कर येते?" सरांनी विचारलं.

"आठ महिने झाले. दोन दवाखाने केले. हा कागद दाखवला की म्हणतात हार्ट तर नॉर्मल हाये, अशक्तपणा हाये. लोहाच्या गोळ्या देतात."

सर मला म्हणाले, "केतकी, लवकर बघ. मी आलोच."

मी प्रोब टेकवला. तेच चित्र, तीच झडप उजवीकडे. अंगठा बटणावर गेला. मंगळवार होता आणि सकाळपासून याच मशीनवर मी चार इको केले होते, सगळे सुलट. मी कोपऱ्यातली खूण पाहिली. ती बरोबर जागी होती. अंगठा काढला. शरीराच्या डाव्या बाजूच्या खोलीत आडव्या दांडीसारखी रेषा दिसली, जी फक्त उजव्या खोलीत असते, तिथे असायलाच नको. दोन्ही नळ्या रुळांसारख्या सरळ. मी हंसाबेनना सरांना बोलवायला पाठवलं.

सरांनी प्रोब घेऊन स्वतः एकदा फिरवून पाहिला. मग म्हणाले, "खालच्या खोल्या उलट आहेत. बटण दाबलंस का?"

"आज नाही."

"आज नाही म्हणजे?"

मी जुनं रेकॉर्डिंग उघडलं. कोपऱ्यातली खूण दुसऱ्या बाजूला होती. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"सही माझी आहे खाली," ते म्हणाले. आणि रुग्णवाहिकेला फोन करायला गेले.

मोठ्या हॉस्पिटलात रेखाताईंना ठोके चालवणारा पेसमेकर बसवला. जाण्याआधी सरांनी त्यांना हृदयाची रचना समजावून सांगितली. रिपोर्टबद्दल सांगितलं नाही. तेव्हा घाई होती. नंतर मी विचारलं तर म्हणाले, "नवा रिपोर्ट दिला आहे. आता जुनं सांगून तिला काय मिळणार?"

पण तो कागद अजून रेखाताईंच्या पिशवीत होता आणि त्यावर नॉर्मल लिहिलेलं होतं.

दीड महिन्याने त्या तपासणीला आल्या. मी आठवडाभर वाक्यं जुळवत होते. माफीचं वाक्य मला इंग्रजीत तयार सापडलं, मराठीत शोधावं लागलं.

त्या आल्या तेव्हा बऱ्या दिसत होत्या. कुशीवर वळता वळता स्वतःच बोलायला लागल्या. "सरांनी सांगितलं ते मी सासूले समजावलं. म्हटलं, माझ्या हार्टमध्ये हेल्परले ऑपरेटरच्या मशीनवर उभं केलंय आणि ऑपरेटर तिकडे हलकं काम करून राह्यला."

"बरोबर आहे," मी म्हणाले. इतक्या थोड्यात मी ते कधी कुणाला समजावलं नव्हतं.

"आमच्या कंपनीत बी तसंच हाये. माणूस सहा वर्षं मशीन चालवतो आणि कार्डावर हेल्परच. हा हेल्पर किती वर्षं टिकल, ताई?"

"सांगता येत नाही. काहींचा खूप वर्षं टिकतो. दर वर्षी बघत राहायचं."

मग मी म्हटलं, "रेखाताई, तुमचा पहिला रिपोर्ट चुकीचा होता. चित्र उलटं दिसलं म्हणून मी ते फिरवलं. ते उलटंच होतं. चूक माझी आहे."

त्यांचं तोंड भिंतीकडे होतं. हलल्या नाहीत. पण वरच्या खोल्यांचे ठोके वाढले, पेसमेकरने खालच्या खोल्यांना त्यांच्यामागोमाग नेलं, आणि पडद्यावरचा आकडा बहात्तरवरून अठ्ठ्याण्णव झाला. चेहऱ्याच्या ऐवजी मला तेवढंच दिसत होतं.

मग त्या वळल्या. जेली चादरीला लागली.

"डिलिव्हरीच्या टायमाले डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हार्टचा काही रिपोर्ट हाये का. मी तोच दिला."

"हो."

"त्या म्हणे, मग काही डर नाही."

"हो."

"आठ महिने चक्कर. सासू म्हणे नाटकं करते. मले बी वाटाले लागलं की मी नाटकं करते."

"हो."

"नुसतं हो हो काय करताय?"

त्या उठून बसल्या, कापसाने स्वतःच छाती पुसायला लागल्या.

"त्याच कागदावर कायम झाली मी. खरं लिहिलं असतं तर घेतलं असतं कंपनीनं?"

"बहुतेक नसतं."

"आणि कायम नसती तर हे मशीन बसवाले विम्याचं कार्ड कुठून आणलं असतं?"

"माहीत नाही."

"मग मी रागवू का नको? तुमीच सांगा."

"रागवा," मी म्हणाले.

त्यांनी ब्लाउजची बटणं लावली, पिशवी घेतली आणि गेल्या. दारात हंसाबेन चहाचं विचारत होत्या, त्यांच्याशीही बोलल्या नाहीत.

मी सरांना सांगितलं की मी सांगितलं. सर म्हणाले, "बरं." दुसऱ्या दिवशी त्यांनी जुना रिपोर्ट रद्द केल्याचं पत्र स्वतःच्या अक्षरात लिहिलं, आणि सोबत रेखाताईंना दाखवता येईल अशी चिठ्ठी, की त्यांना उभ्याचं आणि उचलायचं काम देऊ नये, बसून करायचं काम चालेल. दोन्ही त्यांच्या घरी पाठवलं. हॉस्पिटलात एक बैठक झाली. चहा झाला. रोज सकाळी मशीनची दिशा तपासून वहीत सही करायची असं ठरलं. मी रोज करते. मुलांचे डॉक्टर आता जाताना बटण पूर्ववत करतात, आणि मला ते मुद्दाम दाखवतात.

जेवणाच्या सुट्टीत मी शुक्रवारची जुनी रेकॉर्डिंग बघायला घेतली. कोपऱ्यातली खूण तेवढी बघायची. दोन महिने लागले. तसं दुसरं हृदय सापडलं नाही. सर म्हणाले, "आता झोप येईल." येते. पण ते रेकॉर्डिंग मी तीनदा पाहिलं आहे, ज्यात एक सेकंद चित्र खरं आहे आणि पुढे मी बटण दाबते.

मधे पाच महिने गेले. रेखाताई तपासणीला येतील की दुसरीकडे जातील, ते कळायला मार्ग नव्हता. फोन करावा असं दोनदा वाटलं. केला नाही. फोनवर मी आणखीच वाईट बोलते.

त्या गेल्या महिन्यात आल्या, बुधवारी, न सांगता. कडेवर मुलगी. दोन वर्षांची, केसांना तेल, पायात वाजणारे बूट.

"सर म्हणे, पोरीचं बी एकदा बघून घ्या," त्या हंसाबेनना म्हणाल्या. "तुमच्या पोटची हाये म्हणून."

"उद्या गुरुवार," हंसाबेन म्हणाल्या. "छोकरांचे डॉक्टर येतात. उद्या आण ना."

"त्यांना बी दाखवीन. आधी ह्या ताईंनी बघायचं."

मी न राहवून विचारलं, "मी का?"

"बाकी सगळे म्हणतात आमी बरोबर होतो. तुमाले माहीत हाये कुठं चुकलं ते." मग म्हणाल्या, "राग गेलेला नाही माझा. तो वेगळा."

"बरं," मी म्हणाले.

त्यांचं काम बदललं होतं. बसून झाकणं तपासायचं. सुपरवायझर टोमणे मारतो, पण खुर्ची दिली आहे, असं त्या बूट काढता काढता सांगत होत्या.

इतक्या लहान मुलाला कुशीवर झोपवून भिंतीकडे तोंड करायला लावता येत नाही. ती आईच्या मांडीवर पडून सरळ माझ्याकडे बघत होती. मी जेली तळहातावर घेऊन आधी कोमट केली. कोपऱ्यातली खूण पाहिली. प्रोबवरचा, दिशा दाखवणारा उंचवटा बोटाने चाचपून पाहिला. मग टेकवला.

चार खोल्या आल्या. मी कोणती कुठे आहे ते दिसण्यावरून ठरवलं नाही. एकेक खोली धरून तिच्या भिंती, तिची झडप, तिच्यात कुठून येतं आणि तिच्यातून कुठे जातं, असं बघत गेले. नळ्या शोधल्या. एक दुसरीला ओलांडून गेली. ती जागा मी मशीनमध्ये साठवून ठेवली, मग पुन्हा शोधली. पोरगी कंटाळून माझ्या ओळखपत्राची दोरी ओढायला लागली, आणि मग ती हातात धरूनच झोपली. हंसाबेननी बाहेरच्या लोकांना बसवून ठेवलं.

रेखाताई माझ्याकडे बघत होत्या. पडद्याकडे नाही.

"काय हाये, ताई?"

"आत्तापर्यंत सगळं नॉर्मल दिसतंय."

"मग अजून काय बघताय? पाऊण तास झाला."

"बघते आहे."

"नॉर्मल असाले इतका टाइम लागतो?"

"आजाराला नाही लागत," मी म्हणाले. "नॉर्मलला लागतो."

त्यांनी मुलीचं डोकं दुसऱ्या हातावर घेतलं, पाठ भिंतीला टेकवली आणि म्हणाल्या, "बघा मग. मले घाई नाही."

मी पुन्हा पहिल्या चित्रापासून सुरुवात केली.